जुनी मोटार आणि विकत मिळणारी हमी

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात शहापूर येथे दिलेले व्याख्यान)



आपल्या संमेलनात मुलामुलींचे शिक्षण, विवाहातील खर्च, शेतीची सुधारणा अशा विषयांवर विद्वान वक्ते बोलतात. त्या मानाने चिटणीसांनी मजकडे सोपविलेला विषय अगदीच बाजारी म्हणावा लागेल. वापरलेली मोटार घेताना तिच्याबरोबर जी वाढीव हमी, म्हणजे जिला व्यवहारात ‘एक्स्टेंडेड वॉरंटी’ म्हणतात ती, वेगळे पैसे मोजून घ्यावी की घेऊ नये, एवढाच तो प्रश्न आहे. तथापि माझी सारी नोकरी एका बँकेच्या कर्जखात्यात गेली. कुटुंबाची घडी मोठ्या संकटाने जितकी विस्कटते तितकीच ती न वाचता सही केलेल्या कागदानेही विस्कटते, हे मी तेथे पुष्कळ वेळा पाहिले आहे. म्हणून हा विषय मी आनंदाने स्वीकारला.

मोटार ही आता आपल्याकडे चैनीची वस्तू राहिलेली नाही. मुरबाडला आगगाडी अद्याप पोहोचलेली नाही. आसनगाव स्थानकावर उतरलेल्यास किन्हवलीच्या बाजूस जावयाचे असले म्हणजे एस. टी.च्या वेळेवर विसंबून राहावे लागते. रात्री-अपरात्री आजारी माणसास कल्याणला किंवा ठाण्याला न्यावे लागते, तेव्हा दारातील मोटारीची किंमत कळते. शिवाय आपल्या शहापूर तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला. त्याचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. रस्ता होण्यापूर्वी जमिनी गेल्या, जमिनींचा मोबदला आला आणि त्या मोबदल्यातील काही अंश मोटारीच्या रूपाने कित्येकांच्या अंगणात उभा राहिला. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीचा जो पैसा झाला, तो एकदाच आलेला पैसा आहे. त्यातला प्रत्येक हजार कोठे जातो हे पाहणे आपले कर्तव्य ठरते.

प्रथम एक गोंधळ दूर केला पाहिजे. विमा आणि हमी या दोन भिन्न गोष्टी होत. मोटार आदळली, चोरीस गेली किंवा पुरात सापडली, तर भरपाईचा प्रश्न विम्याकडे जातो. मोटार आपली आपणच बिघडली, गिअरबॉक्स निकामी झाला, वातानुकूलनाचा कॉम्प्रेसर बसला, तर तो प्रश्न हमीकडे जातो. विक्रेत्याच्या दुकानी मात्र हे दोन्ही कागद एकाच पाकिटातून हाती पडतात. ‘काका, काळजी करू नका, सगळे यात येते,’ असे तेथील तरुण आपणांस प्रेमाने सांगतो. त्याच्या प्रेमाविषयी मला संशय नाही. पण ‘सगळे’ हा शब्द त्या कागदात कोठेही लिहिलेला नसतो.

दुसरी गोष्ट अशी की, कित्येक मोटारींस बनविणाऱ्या कंपनीची मूळ हमी अजून शिल्लक असते. मारुती सुझुकीने जुलै २०२४ मध्ये आपल्या नव्या मोटारींची मूळ हमी २ वर्षे अथवा ४०,००० किलोमीटर होती ती ३ वर्षे अथवा १,००,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी पुरे होईल तेथपर्यंत, वाढविली. त्यानंतर विकली गेलेली आणि फारशी न चाललेली मोटार आपण दोन वर्षांनी घेतली, तर सुमारे वर्षभराची हमी तिच्याबरोबर आयतीच येऊ शकते. पहिल्या मालकाने वाढीव हमी आधीच घेतलेली असेल, तर तीही नव्या मालकाच्या नावे करून मिळते की नाही, हे कंपनीच्या कार्यशाळेत क्रमांक सांगून विचारता येते. जे आपल्याजवळ आहेच ते पुन्हा विकत घेण्यात अर्थ नाही.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष पौर्णिमेस यात्रा भरते, आणि तेथील बैलबाजार आपल्यापैकी अनेकांच्या वाडवडिलांनी पाहिलेला आहे. बैल घेणारा शेतकरी तेथे काय करतो? तो बैलाचे तोंड उघडून दात पाहतो. दोन दाती, चार दाती की जुळलेला, हे ठरवितो. त्यास चालवून पाहतो, खुरांवर हात फिरवितो, खांद्यावर जुवाचा घट्टा आहे काय ते बघतो. आणि मुख्य म्हणजे एकटा जात नाही. गावातील जाणता मनुष्य बरोबर घेतो. बैलाची खोड विकणाऱ्यास ठाऊक असते आणि घेणाऱ्यास ठाऊक नसते, हे त्या शेतकऱ्यास शाळा न शिकताही पक्के माहीत असते.

याच एका सत्यावर जॉर्ज ॲकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली निबंध लिहिला, आणि त्यासाठी उदाहरण घेतले ते जुन्या मोटारींच्या बाजाराचेच. तीन नियतकालिकांनी तो निबंध परत पाठविला होता. पुढे २००१ साली ॲकरलॉफ यांस दोघां अन्य अर्थशास्त्रज्ञांसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले, त्यात या निबंधाचा वाटा मोठा होता. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: चांगली मोटार कोणती आणि खराब कोणती, हे गिऱ्हाइकास कळत नाही, म्हणून तो दोहोंसाठी मधलीच किंमत देऊ करतो. ती किंमत चांगल्या मोटारीच्या मालकास परवडत नाही, म्हणून तो बाजारातून निघून जातो. मागे उरतात त्या बहुशः खराब मोटारी. हा घात टाळण्याचा एक उपाय म्हणजे विकणाऱ्याने दिलेली हमी. ज्यास आपली मोटार चांगली आहे हे ठाऊक आहे, त्यास हमी देणे स्वस्त पडते. ज्याच्या मोटारीत खोट आहे त्यास ती महाग पडते.

येथे ‘दिलेली’ या शब्दावर मी आपले लक्ष वेधू इच्छितो. विक्रेत्याने स्वतःच्या पदरचा धोका पत्करून दिलेली हमी ही त्या मोटारीविषयी काहीतरी सांगत असते. कंपन्यांची स्वतःची जुन्या मोटारींची दुकाने आहेत. उदाहरणार्थ, मारुतीने २००१ साली ‘ट्रू व्हॅल्यू’ सुरू केले, आणि तेथे तपासून प्रमाणित केलेल्या ठराविक मोटारींबरोबर हमी दिली जाते. तिची किंमत मोटारीच्या किमतीत मिळविलेली असणारच. तरीही बिघाड झाल्यास खर्च त्यांचा, म्हणून मोटार आधी तपासण्यात त्यांचे हित असते. याच्या उलट, मोटार एकजण विकतो आणि हमी तिसऱ्याच कंपनीची, वेगळ्या पैशांनी, देऊ करतो, तेव्हा ती ‘विकलेली’ हमी होय. मोटार बिघडली तर त्या विक्रेत्याचे काही जात नाही. उलट हमी खपविल्याचे कमिशन त्यास मिळालेले असते. दोहोंस आपण एकच नाव देतो, म्हणून फसतो.

तेव्हा सौद्यास बसताना विक्रेत्यास प्रथम एवढेच विचारावे: ‘इंजिन आणि गिअरबॉक्सची एका महिन्याची जबाबदारी तुम्ही स्वतः लिहून देता काय?’ तो लिहून देईल किंवा देणार नाही. देणार नाही म्हणाला, आणि लगेच १४,००० रुपयांची दुसऱ्या कंपनीची हमी पुढे सरकवू लागला, तर आपणांस जे कळावयाचे ते कळले.

अमेरिकेत १९८५ पासून जुन्या मोटारी विकणाऱ्या व्यापाऱ्यास प्रत्येक मोटारीच्या काचेवर एक पत्रक लावावे लागते. ही मोटार ‘आहे तशी’ विकली जात आहे, की तिला हमी आहे आणि असल्यास कोणत्या भागांची, हे त्यावर लिहिलेले असते. आपल्याकडे अशी सक्ती नाही. १ एप्रिल २०२३ पासून मात्र नोंदणी झालेल्या वाहनांची खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यास परिवहन खात्याचे अधिकारपत्र घ्यावे लागते. ते पाहावयास मागण्यास संकोच करू नये.

आता त्या विकलेल्या हमीच्या कागदात काय असते ते पाहू. हा भाग कंटाळवाणा आहे, परंतु सारे मर्म येथेच आहे. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत जे लिहिले असते ते सर्वांचे असते. मागील पानांवर बारीक अक्षरांत जे असते ते आपल्या भागाला विशेष लागू पडते.

कसाऱ्याचा घाट किंवा माळशेजचा घाट वरचेवर चढ-उतार करणाऱ्या मोटारीचे प्रथम काय झिजते? क्लचची प्लेट, ब्रेकचे पॅड, टायर. हे ‘झिजणारे भाग’ म्हणून हमीतून बहुधा आरंभीच वगळलेले असतात. पावसाळ्यात आपल्या ओढ्यांवरील फरशी पूल पाण्याखाली जातात. पलीकडे घर दिसत असते, मनुष्य धीर करून मोटार पाण्यात घालतो, इंजिनात पाणी शिरते आणि मोटार बंद पडते. तेथेच तो पुन्हा चावी फिरवितो. इंजिन हवा दाबू शकते, पाणी दाबू शकत नाही. त्यामुळे आतील दांडा वाकतो आणि दुरुस्ती मोटारीच्या किमतीच्या मानाने डोळे फिरविणारी होते. हमीवाला म्हणतो, पाण्याने झालेली हानी आमच्याकडे नाही. साधा विमेवाला म्हणतो, पाण्यात पुन्हा सुरू केल्याने झालेली इंजिनाची हानी आमच्याकडेही नाही. ती भरून मिळावी म्हणून विम्याबरोबर ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे जोडकलम वेगळे घ्यावे लागते. तानसा, भातसा, वैतरणा भरून मुंबईची तहान भागविणारा पाऊस ज्या मुलखात पडतो, तेथे वाढीव हमीपेक्षा हे जोडकलम अधिक उपयोगी पडेल, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याच्याही अटी वाचाव्यात, आणि जोडकलम असले तरी पाण्यात बंद पडलेली मोटार चावी न फिरविता ढकलतच बाहेर काढावी, हे उघड आहे.

पुढील अट सर्व्हिसिंगची. ठराविक किलोमीटरांनी अथवा ठराविक महिन्यांनी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, आणि तेही अधिकृत कार्यशाळेतच, मोटार दाखविली पाहिजे आणि प्रत्येक पावती जपली पाहिजे, असे त्यात लिहिलेले असते. आपण काय करतो? नाक्यावरचा मिस्त्री ओळखीचा असतो, हाताने चांगला असतो आणि उधारीही ठेवतो. तेल बदलण्याचे काम त्याच्याकडेच जाते. यात गैर काही नाही. परंतु अशा एका तेलबदलाने पुढील दावा नाकारला जाऊ शकतो. तसेच मोटार टोकावड्यापुढे बंद पडली, तर टोचन लावून ती अधिकृत कार्यशाळेपर्यंत नेण्याचा खर्च कोणाचा, आणि सुटा भाग येईपर्यंत आठ-पंधरा दिवस घरच्यांनी काय करावयाचे, याचेही उत्तर कागदात शोधावे. बाहेरून बसविलेला गॅसचा संच हेही दावा नाकारण्याचे नेहमीचे कारण होय. हमी घेतल्या दिवसापासून लागू होते की काही दिवसांनी, एका दुरुस्तीस कमाल किती रुपये मिळतात, आणि ‘आधीपासून असलेला दोष’ कोणी ठरवावयाचा, ही तीन कलमेही चुकवू नयेत.

आणि आता सर्वांत बोचरी अट. खासगी मोटार भाड्याने चालविली तर हमी रद्द होते. आपल्यातील कित्येक तरुण जुनी व्हॅन किंवा तत्सम मोटार घेऊन स्थानकापासून गावापर्यंत माणसे नेतात, कधी शाळेची मुले नेतात, लग्नसराईत वऱ्हाड नेतात. परवान्याविना असे करणे कायद्याच्या बाहेरचे आहे, हे मी त्यांस येथेही सांगतो. परंतु ही गोष्ट आपल्या डोळ्यांसमोर घडते आहे आणि तिच्याकडे पाठ करून बोलण्यात हशील नाही. ज्याची रोजची भाकरी त्या मोटारीवर आहे, त्यास बिघाडाची भीती सर्वांत अधिक असते. म्हणूनच तो हमी घेण्यास सर्वांच्या आधी तयार होतो. आणि नेमक्या त्याच्याच हातात हा कागद निरुपयोगी ठरतो. जो मोटार जपून, रविवारपुरती वापरतो, अधिकृत कार्यशाळेत नेतो, पावत्या लावून ठेवतो, त्याचा दावा मंजूर होतो. परंतु त्याच्या मोटारीस दाव्याची पाळीच क्वचित येते.

हिशेबाचेही दोन शब्द सांगतो. आकडे केवळ उदाहरणादाखल घ्यावेत. समजा, साडेतीन लाखांच्या मोटारीस वर्षाची हमी १४,००० रुपयांना मिळते आणि असे १०० ग्राहक आहेत. कंपनीकडे १४ लाख जमले. त्यांतून विक्रेत्याचे कमिशन गेले, कर गेला, कचेरीचा खर्च गेला, नफा गेला. समजा, ७ लाख उरले. तेवढ्यातच शंभरांच्या दुरुस्त्या व्हावयाच्या. म्हणजे सरासरीने प्रत्येकाने १४ देऊन ७ परत घेतले. यात कोणी कोणास फसविले असे नव्हे. धोका दुसऱ्याच्या शिरावर ठेवण्याचे मोल असतेच, आणि सर्व विम्याचे स्वरूप असेच आहे. आपले घर जळाले तर आपण पुन्हा बांधू शकत नाही, म्हणून त्याचा विमा उतरवावा. गिअरबॉक्स गेला तर? ज्याच्याजवळ ४०-५० हजार रुपये बाजूला आहेत, त्यास त्या दिवशी वाईट वाटेल, परंतु त्याचा संसार थांबणार नाही. त्याने ही हमी घेऊ नये. तेच १४,००० रुपये पतसंस्थेत मोटारीच्या नावाने वेगळे ठेवावेत आणि दरमहा त्यांत भर घालावी. वर्षभर काही बिघडले नाही तर ते त्याचेच राहतात. टायर गेले तर टायरलाही उपयोगी पडतात.

मात्र जो एकदम पन्नास हजार उभे करू शकत नाही, ज्यास त्यासाठी दागिने गहाण ठेवावे लागतील किंवा मुलीच्या महाविद्यालयाची फी थांबवावी लागेल, त्याचा विचार निराळा आहे. त्याची मोटार केवळ घरच्या वापराची असेल, अधिकृत कार्यशाळा येण्याजाण्याच्या वाटेवर असेल, आणि कागदात गिअरबॉक्स, इंजिन, स्टिअरिंग, विजेचे नियंत्रक असे महागडे भाग नाव घेऊन लिहिलेले असतील, तर त्याने हमी घ्यावी. शेजाऱ्याने घेतली नाही म्हणून आपणही घेऊ नये, असे नाही. आणि ज्यास एवढा धोकाही परवडत नाही आणि हमीच्या अटीही पाळता येत नाहीत, त्याने थोडी जुनी, थोडी साधी, परंतु स्वस्त मोटार घेऊन उरलेली रक्कम हाताशी ठेवावी. कर्जखात्यात बसून मी पाहिले ते असे की, पुष्कळ लोक खिशातला शेवटचा रुपया मोटारीच्या किमतीत घालतात आणि मग उरलेल्या भीतीपोटी हमी घेतात.

कोणत्याही परिस्थितीत म्हशाच्या बाजाराची रीत सोडू नये. जाणता मिस्त्री बरोबर न्यावा, त्यास दिवसाची मजुरी द्यावी, मोटार थंड असताना सुरू करून पाहावी, खालून गंज पाहावा, गालिच्याखाली चिखलाचा वास येतो काय ते पाहावे. किलोमीटरचा काटा मागे फिरविता येतो. म्हणून कार्यशाळेतील सर्व्हिसिंगच्या नोंदींशी तो ताडून पाहावा. एक कायदेशीर बारकावा येथे आहे. मालविक्री अधिनियम, १९३० याच्या कलम १६ प्रमाणे व्यापाऱ्याने विकलेला माल विक्रीयोग्य असावा ही अट गृहीत धरली जाते; परंतु घेणाऱ्याने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत दिसावयास हवे होते अशा दोषांबद्दल मागाहून तक्रार करता येत नाही. म्हणून तपासावयाचे तर नीटच तपासावे, वरवर नव्हे. ओळखीच्या खासगी गृहस्थाकडून मोटार घेतली, तर हे गृहीत संरक्षणही बहुतांशी नसते.

त्याच कायद्याच्या कलम १२ मध्ये ‘वॉरंटी’ या शब्दाची व्याख्या आहे: मुख्य कराराच्या जोडीची अट, जी मोडल्यास नुकसानभरपाई मागता येते, पण माल परत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली मारुती उद्योगाच्या एका प्रकरणात असेच धरले की, हमीपत्रात सदोष भाग बदलून देण्याचे लिहिले असेल, तर अख्खी मोटार बदलून देण्याचा हुकूम होऊ शकत नाही. तात्पर्य, न्यायालयातही तोंडच्या आश्वासनाआधी कागदातील शब्द वाचला जातो. हे कागद इंग्रजीत असतात. घरातील जी मुलगी कल्याणला महाविद्यालयात जाते, तिच्याकडून तो सहीपूर्वी मोठ्याने वाचवून घ्यावा. तिच्या शिक्षणाचा एवढा तरी लाभ घरच्यांनी घ्यावा.

हमी घेतली, अटी पाळल्या, तरीही दावा अन्यायाने नाकारला, तर गप्प बसण्याचे कारण नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार तक्रारदार जेथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगापुढे तक्रार करता येते. म्हणजे कंपनी दिल्लीची असली तरी आपणांस ठाण्यापलीकडे जावे लागत नाही. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षांची आहे. प्रथम १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर दूरध्वनी करावा. कित्येक तक्रारी तेथेच मिटतात. स्वतःच्या चरितार्थासाठी स्वतः राबणारा मनुष्यही या कायद्याने ‘ग्राहक’च आहे, हे तरुणांनी ध्यानी घ्यावे. कायदा त्यास जवळ करतो. हमीचा कागद मात्र करीत नाही, हा भेद मघाशी सांगितलाच आहे.

ज्यांच्याजवळ असे हमीपत्र असेल, किंवा जे येत्या काही दिवसांत मोटार घेणार असतील, त्यांनी अल्पोपाहारानंतर कागद घेऊन व्यासपीठामागील खोलीत यावे. मी चष्मा घेऊन तेथे बसलेला आहे.